जुनी गाडी, नवी चाकं

रंगाचा शेवटचा हात बसतो, बफिंग होतं, क्रोमचे बंपर चढतात आणि गाडी दारात उभी राहते. मालक दोन पावलं मागं सरून बघतो, तेव्हा त्याची नजर हमखास चाकांवर अडते. पत्र्याच्या जुन्या रिम आता फिक्या वाटू लागतात. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जुन्या गाड्यांची हौस मोठी. कुणाच्या घरी आजोबांची फियाट, कुणाकडे शेतावरून आणलेली जीप, कुणाकडे घरात आलेली पहिली मारुती ८००. इंजिन उद्यमनगरातून बांधून आलेलं असतं, पत्र्याचं काम महिनोन्महिने चाललेलं असतं. चाकं मात्र मोबाइलवर फोटो बघून एका संध्याकाळी ठरतात.

अलॉय चाकं जुन्या गाडीला शोभत नाहीत असं मी म्हणणार नाही. बुगाटीनं १९२४ मध्ये टाइप ३५ ही शर्यतीची गाडी ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर उतरवली होती. साठच्या दशकात छोट्या मिनी गाड्यांवर मिनिलाइटची आठ आऱ्यांची चाकं आली आणि आजही जुन्या गाडीवर तीच घडण सर्वांत देखणी दिसते. पण ती चाकं त्या त्या गाडीच्या हबला मोजून ओतलेली होती. आपल्याकडे बाजारात मिळणारी चाकं आजच्या गाड्यांसाठी बनलेली असतात आणि आपण ती चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या हबवर चढवायला निघतो. म्हणून खर्च करायच्या आधी एक संध्याकाळ मापं घेण्यात घालवा, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

त्याही आधी एक गोष्ट ठरवा. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि तिची व्हिंटेज म्हणून नोंद करायचा विचार असेल, तर अलॉयचा नाद सोडा. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. गाडी मूळ रूपात राखलेली असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत, ही त्यातली मुख्य अट. अशा गाड्यांना नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. तिथं तपासणारा माणूस गाडी मूळची आहे का तेच बघणार. अशा वेळी गाडीखाली नव्या घडणीची चमचमती चाकं दिसली, तर पुढचं सगळं बोलणं अवघड होतं. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार बघत हे गाव मोठं झालंय. जुनी वस्तू तिच्या मूळ रूपात राखण्याची किंमत कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. पुढचं सगळं लिहितोय ते रोज नाही, तरी रविवारी बाहेर काढायच्या, हौसेनं चालवायच्या गाड्यांसाठी.

चाक गाडीला कशानं धरलेलं असतं, हे नीट समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. बहुतेकांना वाटतं की गाडीचं वजन त्या चार स्टडवर लटकलेलं असतं. तसं ते नसतं. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि चाकाची मागची बाजू हबच्या तोंडावर जबरदस्त दाबली जाते. त्या दाबामुळे दोन सपाट पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं, ते चाकाला धरतं. बारा मिलिमीटरचा स्टड शंभर न्यूटन मीटरला आवळला, तर ढोबळ हिशेबानं तीन-चार टनांचा दाब तयार होतो, तोही एका नटाचा. चार नटांचा मिळून बारा टनांच्या वर. हा दाब टिकला तर स्टडवर आडवा मार येत नाही. दाब कमी झाला की चाक हबवर केसभर सरकू लागतं, प्रत्येक फेऱ्याला स्टड थोडा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो आणि एक दिवस तुटतो. पुढची प्रत्येक सूचना हा दाब राखण्यासाठी आहे.

आता पहिलं माप. स्टड ज्या काल्पनिक वर्तुळावर बसवलेले असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चार स्टडच्या गाडीत समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की झालं. मध्य अचूक सापडत नाही, म्हणून एका स्टडच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा, उत्तर तेच येतं. पाच स्टड असतील तर समोरासमोर कुणीच नसतं. तिथं शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर मोजून त्याला १.७०१ नं गुणा. जुन्या विलिज-महिंद्रा जीपवर हे शेजारचं अंतर ८२ मिलिमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे पीसीडी १३९.७, जुन्या भाषेत साडेपाच इंच. मारुती ८०० चा ११४.३, म्हणजे साडेचार इंच. मापपट्टीनं हे काम करू नका. व्हर्निअर घ्या, पेठेत ओळखीचा टर्नर नाही असं घर विरळा.

सर्वांत फसवं माप फियाटच्या घराण्यात आहे. उनो, पॅलिओ यांचा पीसीडी ९८ मिलिमीटर. मारुती स्विफ्टपासून होंडा सिटीपर्यंत रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांचा १००. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक भोकात मध्यापासून फक्त एक मिलिमीटर. शंभरचं चाक अठ्ठ्याण्णवच्या हबवर चढतं, बोल्ट आत जातात, घट्टही होतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. पण प्रत्येक बोल्ट तिरका होऊन बसलेला असतो. त्याचा शंकू भोकाच्या एकाच कडेला टेकलेला असतो, दाब एका बाजूला आणि दुसरी बाजू पोकळ. चाक मध्यावर बसत नाही, स्टिअरिंग थरथरतं, मग बॅलन्सिंगवर पैसे जातात आणि थरथर तशीच राहते. हा प्रकार पकडायला सोपी युक्ती आहे. भोकाच्या शंकूला फिटर वापरतात तो निळा रंग पातळ लावा, बोल्ट हातानं हलका आवळा आणि काढून बघा. बोल्टवर निळं कडं पूर्ण गोल उमटलं पाहिजे. अर्धचंद्र उमटला, तर ते चाक त्या गाडीचं नाही.

यावर बाजारात तोडगे मिळतात. सरकत्या शंकूचे बोल्ट, जे दोन मिलिमीटरचा फरक सांभाळून घेतात म्हणे. चाकाला नव्यानं भोकं पाडून देणारे. दोन पीसीडींना जोडणाऱ्या जाड चकत्या. नव्यानं भोकं पाडण्याला माझा ठाम विरोध आहे. जुन्या भोकाला लागून नवं भोक पडलं की मधल्या धातूची भिंत पातळ होते, आणि चाकावर सर्वाधिक ताण तिथंच येतो. योग्य पीसीडीचं चाक मिळत नसेल तर पत्र्याची मूळ रिम पावडर कोटिंग करून घ्या. ती उत्तम दिसते.

मधल्या भोकाचं माप लोक विचारतच नाहीत. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक ७३.१ मिलिमीटर असतं, म्हणजे अनेक गाड्यांच्या हबपेक्षा मोठं. उनो-पॅलिओच्या हबचा उंचवटा ५८.१ मिलिमीटरचा. मधे सात-साडेसात मिलिमीटरची पोकळी उरते आणि चाक मध्यावर आणायचं काम एकट्या बोल्टांवर पडतं. इथं कोल्हापूरचा फायदा घ्या. ॲल्युमिनियमचं एक कडं लेथवर काढून घ्या, आतलं माप हबचं, बाहेरचं चाकाच्या भोकाचं. कडं हातानं सरकत आत जावं, पण सोडल्यावर आपोआप गळून पडू नये, इतकं मापात असावं. टर्नरला माप लिहून द्या, तोंडी सांगू नका. मात्र काही जुन्या गाड्यांच्या हबला असा लेथ मारलेला उंचवटाच नसतो, तिथं चाक नटांच्या शंकूंवरच मध्यावर येतं. अशा हबवर कड्याचा उपयोग नाही, शंकूच तंतोतंत जुळले पाहिजेत. जुन्या ड्रमच्या पुढच्या चाकात बेअरिंगवरची ग्रीसची टोपीही बरीच पुढं आलेली असते. ती अलॉयच्या मधल्या पोकळीत पूर्ण मावते का तेही बघा. टोपी आतून टेकत असेल, तर नट कितीही आवळा, चाक हबच्या तोंडाला लागणार नाही.

आता ऑफसेट. जुन्या आणि नव्या गाड्यांमधला खरा फरक इथं आहे, म्हणून थोडं थांबून समजून घेऊ. चाकाच्या रुंदीची मधली रेघ धरा. हबला टेकणारी बाजू त्या रेघेच्या किती बाहेर आहे, ते मिलिमीटरमध्ये मोजलं की ऑफसेट. चाकावर तो ‘ईटी’ या अक्षरांपुढं कोरलेला असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आजच्या गाड्यांमध्ये तो सहसा ३५ ते ४५ असतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये तो बराच कमी असतो. म्हणजे आजच्या गाडीचं चाक जुन्या हबवर चढवलं की ते दोन-तीन सेंटिमीटर आत ओढलं जातं. आत काय आहे? जीपमध्ये पाटे आहेत, इतरांत स्टिअरिंगचे जोड, ब्रेकचा रबरी पाइप. उलट, चाक फार बाहेर आलं तर मडगार्डला घासतं, बेअरिंगवर जास्तीचा भार येतो आणि खड्ड्यात गेल्यावर स्टिअरिंग हातातून हिसकतं.

चाकावरचा आकडा पुसला असेल तर घरीच मोजा. चाक तोंडावर पालथं घाला, मागच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंत खोली मोजा. साडेपाच इंची चाक कडेपासून कडेपर्यंत साधारण १६५ मिलिमीटर भरतं, कारण साडेपाच इंच ही टायर बसतो तिथली आतली रुंदी असते. १६५ चे निम्मे साडेब्याऐंशी. खोली ११७ आली, तर त्यातून साडेब्याऐंशी वजा करा, ऑफसेट साधारण ३४.५. हेच माप तुमच्या पत्र्याच्या रिमवर घ्या आणि दोन आकडे शेजारी लिहा. ऑफसेटमध्ये पाच-सात मिलिमीटरपर्यंतचा फरक बहुतेक जुन्या गाड्या सोसतात. त्यापुढं गेलात तर प्रत्येक मिलिमीटरची जागा स्वतः बघून घ्यायला हवी.

जागा बघायला शाडू वापरा. गंगावेशीच्या कुंभारगल्लीत मूठभर शाडू कुणीही देईल. पीठ मळल्यासारखा मऊ करून त्याचे बोटभर जाडीचे गोळे ब्रेकच्या उंच भागांवर, पाट्यांच्या यू-बोल्टवर, मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटवा. टायरसकट चाक बसवा, दोन नट हलके आवळा आणि चाक हातानं संथ फिरवा. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मग सगळे नट आवळून गाडी खाली उतरवा, मागं चार धट्टीकट्टी माणसं बसवा आणि पुन्हा तपासा. चाक काढल्यावर शाडू जिथं जितका जाड उरला असेल, तिथं तितकीच जागा आहे. स्थिर भागांपाशी पाच-सहा मिलिमीटर आणि स्प्रिंगबरोबर वरखाली होणाऱ्या चाकाभोवती दोन बोटं जागा मिळाली पाहिजे. रिकाम्या गाडीवर, सरळ चाकांनी तपासणं म्हणजे तपासलंच नाही असं समजा.

जागा कमी पडली की लगेच स्पेसरचा विषय निघतो. ॲल्युमिनियमची सैल चकती हब आणि चाकाच्या मधे घातली की चाक बाहेर येतं, पण स्टड तेवढाच आखूड होतो. पाच मिलिमीटरची चकती घातली म्हणजे पाच मिलिमीटर आटे कमी झाले. त्याचा हिशेब नट आवळायच्या वेळी करावा लागतो, तोच पुढं सांगतो. स्पेसर लागतोय म्हणजे चाक चुकीचं निवडलं गेलं, असं मी मानतो.

पत्र्याच्या रिमची जाडी नट बसतो तिथं तीन-चार मिलिमीटर असते. अलॉयची दहा-पंधरा असू शकते. जुना स्टड पत्र्याच्या रिमसाठी कापलेला, म्हणून अलॉयमधून तो बाहेर जेमतेम डोकावतो. नियम असा की स्टडच्या जाडीइतके तरी आटे नटात गेले पाहिजेत. बारा मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा स्टड असेल तर नट हातानं किमान आठ पूर्ण फेरे फिरला पाहिजे. जीपचा अर्धा इंची, इंचाला वीस आट्यांचा स्टड असेल तर दहा फेरे. नट चाकाला टेकेपर्यंतचे फेरे मोजायचे आणि मोजताना पाना हातात घ्यायचा नाही, बोटांनीच फिरवायचा. फेरे कमी भरले तर लांब स्टड दाबून बसवून घ्या, ते काम प्रेस असलेल्या मेस्त्रीकडे तासाभराचं आहे. उलट लांबीचीही एक अडचण आहे. टोपीचे चकचकीत नट स्टडच्या टोकावर आतून टेकतात. पाना घट्ट झाल्यासारखा लागतो, प्रत्यक्षात चाक सैल असतं. आणि ज्या गाड्यांत स्टडऐवजी हबमध्ये जाणारे बोल्ट आहेत, तिथं फार लांब बोल्ट ड्रमच्या आत निघून ब्रेकच्या भागांना घासू शकतो. बोल्ट आवळून चाक हातानं फिरवून बघा, आतून खरखर आली तर तिथंच थांबा.

नटाची बैठकही जुळली पाहिजे. काही नटांचा शंकू साठ अंशांचा, काहींचा तळ चेंडूसारखा गोल, काहींना सपाट वॉशर. गोल बैठकीच्या भोकात शंकूचा नट बसवला, तर तो एका बारीक रेघेवर टेकतो. ॲल्युमिनियम मऊ, ते दबतं आणि नट आठवड्याभरात सैल होतो. चाक घेताना त्याच्या बरोबरचेच नट मागा. विक्रेता ‘जुनेच चालतील’ म्हणाला, तरी मागा.

जुन्या विलिज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना डावे आटे असत, नट सोडताना उजवीकडे फिरवावा लागतो. नवे नट घेताना ही गोष्ट मेस्त्रीच्या ध्यानात आणून द्या, नाहीतर स्टड पिरगळून तुटेल.

नव्यानं रंगवलेल्या गाडीवर आणखी एक अडचण येते, आणि ती मी फार गाड्यांवर पाहिली आहे. अलॉयच्या आऱ्यांतून ड्रम दिसतात म्हणून ड्रमला लाल किंवा काळा रंग मारलेला असतो, तोही दोन-तीन हात, खाली प्रायमर. चाक जिथं टेकतं ती बाजूही त्यातच रंगून गेलेली असते. रंग दाबाखाली दबतो, गरम झाल्यावर आणखी मऊ पडतो आणि सरकतो. आज बरोबर आवळलेला नट पन्नास किलोमीटरनंतर सैल लागतो. चाक टेकतं ती हबची बाजू आणि चाकाची मागची बाजू, दोन्हीकडचा रंग पूर्ण काढा, तारेच्या ब्रशनं गंज घासा, कपड्यानं पुसून उघडा धातू येऊ द्या. पावडर कोटिंग केलेल्या अलॉयच्या नटांच्या शंकूंतही रंग असू शकतो, तोही काढा. ड्रम धरणारे लहान स्क्रू वर आलेले नाहीत ना, हे बोट फिरवून बघा. आपल्याकडच्या पावसात ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून बसतात, त्यासाठी मधल्या उंचवट्यावर ग्रीसचा पुसट हात पुरे. टेकणाऱ्या सपाट बाजूवर आणि आट्यांवर ग्रीस किंवा तेल नको. तेल लागलेल्या आट्यांवर तोच टॉर्क दिला तर स्टड गरजेपेक्षा बराच जास्त ताणला जातो.

चाक चढवायला पेठेतल्या उताराच्या गल्लीत गाडी जॅकवर घेऊ नका. रंकाळ्याच्या बाजूला किंवा कुठल्याही सपाट, टणक जागेवर न्या, जमिनीवरच्या चाकांना दगड लावा आणि जॅकबरोबर घोडी लावा. नट आधी सगळे हातानं, मग समोरासमोर या क्रमानं पान्यानं हलके. गाडी खाली उतरवून शेवटचा टॉर्क द्या. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. जुन्या पुस्तकांत तो किलोग्रॅम-मीटर किंवा फूट-पाउंडमध्ये असतो. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर, एक फूट-पाउंड म्हणजे १.३६. बारा मिलिमीटरच्या स्टडसाठी तो साधारण ८० ते ११० न्यूटन मीटरमध्ये बसतो. हवेच्या गननं आवळून देणाऱ्याला नम्रपणे थांबवा. गन किती आवळते हे तिला कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही. टॉर्क पाना विकत घ्यावा असं मी आग्रहानं सांगेन. चार मित्रांत मिळून घेतला तरी चालेल, तो वर्षानुवर्षे टिकतो.

टायरबद्दल थोडक्यात. पद्मिनीला १४ इंची रिमवर ५.२० चे टायर येत, अँबेसेडरला १५ इंचीवर ५.९०. रिम एक-दोन इंच मोठी घेतली तर टायर तितका पातळ घ्यावा लागतो, म्हणजे चाकाचा एकूण घेर तोच राहतो. मारुती ८०० चा १४५/७० आर १२ टायर सुमारे ५०८ मिलिमीटर व्यासाचा. त्याजागी १५५/६५ आर १३ घातला तर व्यास ५३२ होतो, जवळपास पाच टक्के जास्त. मीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टनं चाललेली असते आणि पन्हाळ्याच्या चढाला इंजिन लवकर दमतं. दोन टक्क्यांच्या पुढं जाऊ नका. टायरवरचा भारांक बघा: ७५ म्हणजे एका टायरवर ३८७ किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो. भरलेल्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवरचं वजन निम्मं करा, रिम आणि टायर दोन्हींची ताकद त्याहून जास्त हवी. आणि एका ॲक्सलवर एक रेडिअल, एक जुन्या घडणीचा नायलॉन टायर, हे कधीच नको.

चाकांची खरेदी हा कोल्हापुरात वेगळा विषय होतो, कारण गावात फौंड्र्या आहेत. ‘आपल्याच माणसाकडून ओतून घेऊ’ असं कुणीतरी म्हणतंच. आपल्या फौंड्र्यांची मोठी ख्याती बिडाच्या ओतकामाची. मोटारीचं अलॉय चाक बहुधा ए-३५६ या मिश्रधातूचं असतं, ज्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशिअम असतं. ओतल्यावर ते साधारण साडेपाचशे अंशांच्या जवळ तापवून पाण्यात बुडवतात आणि मग कमी तापमानावर मुरवतात, तेव्हा त्याला ताकद येते. त्यानंतर चाकाला वाकवून फिरवण्याची, भाराखाली लाखो फेरे पळवण्याची आणि वजन आदळण्याची चाचणी असते. भारतात अलॉय चाकांसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे, जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल अशी खूण असते. या खुणा आणि भाराचा आकडा चाकाच्या मागच्या बाजूला शोधा. खूण नाही, आकडा नाही, असं चाक स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. तुटलेल्या किंवा तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग करून मिळतं, तेही नको. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूच्या धातूची मुरवलेली ताकद निघून जाते.

जुनं अलॉय घेताना मात्र आपल्या गावाचा खरा उपयोग होतो. डाय पेनिट्रंट तपासणी इथल्या कारखान्यांना नवी नाही. चाकाचा रंग काढून ते स्वच्छ करायचं, लाल द्रव फवारायचा, काही मिनिटं मुरू द्यायचा, कपड्यानं पुसून टाकायचा आणि वर पांढऱ्या पावडरीचा फवारा मारायचा. डोळ्याला न दिसणारा तडा असेल तर त्या पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटते. नटाच्या भोकांभोवती, आऱ्या मधल्या भागाला मिळतात तिथं आणि मागच्या कडेला नीट बघा. रेघ आली तर चाक भंगारात द्या, दुसऱ्याला विकू नका.

पहिली फेरी पहाटे काढा. गंगावेशीतून शिवाजी पुलावरून वडणगे फाटा, केर्ली आणि पन्हाळा, परत तोच रस्ता. एका बाजूनं वीसेक किलोमीटरचा हा पल्ला चांगला आहे, कारण त्यात सपाटी आहे, वळणांचा चढ आहे आणि उतारावर ब्रेक तापतात. निघताना काच खाली ठेवा, रेडिओ बंद. वळणावर मडगार्डमधून घासल्याचा आवाज येतो का, हे ऐका. वर पोचल्यावर चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांहून जास्त तापलं असेल, तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. घरी येऊन गाडी पूर्ण गार होऊ द्या आणि टॉर्क पाना पुन्हा लावा. पन्नास ते शंभर किलोमीटरला पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी तोच नट सैल लागत असेल तर त्याला नुसतं आवळत बसू नका, चाक काढा आणि बैठक बघा.

गाडी मूळच्या नोंदीपेक्षा वेगळी करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे. मूळ मापाच्या जवळ राहणारं, मडगार्डच्या आत मावणारं चाक आणि पुस्तकातल्या घेराचा टायर एवढं पाळलंत, तर पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीतही बोलणं सोपं जातं. मडगार्डच्या बाहेर आलेले टायर तिथं लगेच नजरेत भरतात. विमा कंपनीला चाकं बदलल्याचं लेखी कळवा, पावती जोडा. कळवलं नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी कंपनी याच गोष्टीवर बोट ठेवते.

स्टेपनी पत्र्याचीच ठेवा, पण तिला अलॉयचे नट चालतीलच असं नाही. पत्र्याच्या रिमचे मूळ नट एका पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवा. पत्र्याची रिम पातळ असल्यानं, नवे लांब स्टड बसवले असतील तर टोपीचे नट तिच्यावर आतून टेकतील, म्हणून ते उघडे नटच हवेत. एका कागदावर पीसीडी, ऑफसेट, मधल्या भोकाचं माप, नटाचा प्रकार, टॉर्क आणि टायरची हवा लिहून तो कागद प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या खणात टाका. जीपला डावे आटे असतील, तर ते त्या कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहा, कारण रात्री गगनबावड्याच्या रस्त्यावर भेटणाऱ्या पंक्चरवाल्याला ते ठाऊक असणार नाही.